प्रार्थनेत नवीन आहात? देवाजवळ जायचं कसं ते अगदी सुरुवातीपासून

जय ख्रिस्त! आमच्या मंडळीत नवीन येणाऱ्यांसोबत मी बसते, त्यात सगळ्या प्रकारची माणसं असतात, कोणी नुकतंच विश्वासात आलेलं, कोणी लग्न होऊन ख्रिस्ती घरात आलेली सून, आणि बरेचसे तर जन्मापासून चर्चमध्ये वाढलेले पण डोळे मिटून दुसऱ्याच्या प्रार्थनेला आमेन म्हणण्यापलीकडे कधी गेलेच नाहीत असे. सगळ्यांचा प्रश्न फिरून फिरून एकच, ताई मला प्रार्थना करता येत नाही, शब्दच सुचत नाहीत, काय बोलू? म्हणून एकदा सगळं नीट लिहून काढते. शब्दांचं नंतर बघू. आधी कोणाजवळ जातोय आणि कोणत्या हक्काने जातोय ते बघू, कारण हे दोन प्रश्न सुटले की अर्धी भीती तिथेच जाते.

आधी हे पक्कं करा: कोणाजवळ जाताय

बायबलमधल्या लूकच्या शुभवर्तमानाचा १५ वा अध्याय काढा. उधळ्या पुत्राची गोष्ट बहुतेकांना माहीत असते पण त्यातली एक बारीक गोष्ट सुटते. तो मुलगा डुकरं राखता राखता घरी गेल्यावर काय बोलायचं ते मनात जुळवतो. बाबा, मी पाप केलं, तुमचा मुलगा म्हणवून घ्यायची माझी लायकी नाही, मला तुमच्या एखाद्या मोलकऱ्यासारखं ठेवून घ्या. असं सगळं ठरवून तो निघतो. बाप त्याला लांबूनच बघतो, धावत येतो, गळ्यात पडतो, मुके घेतो, आणि मग मुलगा ठरवलेलं बोलायला लागतो. आता १९ वं वचन आणि २१ वं वचन शेजारी शेजारी ठेवून वाचा. ते मोलकऱ्याचं वाक्य त्याच्या तोंडून निघतच नाही, बापाने तोपर्यंत नोकरांना झगा आणायला सांगितलेलं असतं.

तुम्ही ज्याच्याजवळ जाताय तो हा बाप आहे. तुम्ही जुळवून आणलेलं वाक्य पूर्ण व्हायच्या आधी तो तुमच्यापर्यंत पोचलेला असतो, त्यामुळे भाषा अडखळली, व्याकरण चुकलं, रडू आलं, काही म्हणजे काही बिघडत नाही.

मग हे: कोणत्या हक्काने

जुन्या करारात यरुशलेमच्या मंदिरात सगळ्यात आतल्या जागेपुढे, परमपवित्र स्थानापुढे एक पडदा होता. आत फक्त महायाजक जायचा, तोही वर्षातून एकाच दिवशी, प्रायश्चित्ताच्या दिवशी, रक्त घेऊन. बाकी सगळे बाहेर. येशूने वधस्तंभावर प्राण सोडला तेव्हा तो पडदा वरपासून खालपर्यंत फाटला असं मत्तय २७:५१ मध्ये आहे. इब्री लोकांस पत्र वाचलंत तर लक्षात येईल की अख्खं पत्रच जवळपास या एका गोष्टीभोवती फिरतं, आता रस्ता उघडा आहे. त्यातलं ४:१६ पाठ करून टाका: "आपण धैर्याने कृपेच्या राजासनाजवळ जाऊ." हे धैर्य आपल्या चांगुलपणाचं नाही, येशूने जे केलं त्याच्या भरवशावरचं आहे.

म्हणूनच आपण शेवटी "येशूच्या नावाने मागतो, आमेन" म्हणतो. ते अर्जाखालच्या सहीसारखं नुसतं शेवटी टाकायचं वाक्य नाही, प्रार्थना सुरू करतानाच मनात असायला हवं की मी त्याच्या नावावर आत आले आहे. ज्या दिवशी वाटेल की आज माझ्याकडून खूप चुकलंय, आज कोणत्या तोंडाने जाऊ, त्या दिवशी तर हे आठवाच, कारण काल तुम्ही चांगले वागलात म्हणून दार उघडं होतं असं नव्हतंच.

आपल्यापैकी अनेकजण नवस बोलायच्या सवयीतून आलेले असतात, हे झालं तर मी ते करीन. नवस बायबलमध्येही आहे, हन्नाने मुलासाठी केला होता, त्यामुळे त्याला कमी लेखायचं नाही. पण येशूने शिष्यांना शिकवलं तेव्हा देवघेवीची भाषा कुठेच वापरली नाही. मागा म्हणजे मिळेल एवढंच म्हणाला. मागायच्या आधी काहीतरी कबूल करायलाच हवं, नाहीतर देव ऐकणार नाही, हे डोक्यातून काढा.

जागा आणि वेळ

येशूने म्हटलंय खोलीत जा, दार लाव आणि गुप्तपणे प्रार्थना कर (मत्तय ६:६). आता मुंबईत एका खोलीत पाच माणसं राहत असतील तर खोली कुठून आणायची? ज्यांना दार नाही त्यांनी गच्चीवर जा, सकाळी सगळे उठायच्या आधी किचनच्या ओट्याजवळ उभं राहा, लोकलमध्ये विंडो सीट मिळाली तर डोळे उघडे ठेवून मनातल्या मनात बोला. येशूचा रोख एवढाच होता की लोकांनी बघावं म्हणून करू नका. हन्ना मंदिरात सगळ्यांसमोर होती, फक्त ओठ हलत होते, आवाज येत नव्हता, एली याजकाला वाटलं बाई प्यायलेली आहे. तरी देवाने ऐकलं.

वेळ मात्र ठरवा. दानीएल दिवसातून तीन वेळा खिडकीपाशी गुडघे टेकायचा, तशी प्रार्थना करणाऱ्याला शिक्षा असं राजाचं फर्मान निघाल्यानंतरही. तुम्ही एका वेळेपासून सुरुवात करा, पाच मिनिटं चालतील पण रोज. पहिल्याच दिवशी पहाटे चारला उठून तासभर बसायचा निश्चय करणारे आठवडाभरात सोडून देतात आणि मग अपराधी वाटून चर्चलाच येईनासे होतात, हे मी फार वेळा बघितलंय. मोबाईल दुसरीकडे ठेवा, आणि बायबल मोबाईलमध्येच असेल तर निदान नेट बंद करा.

गुडघ्यांवर बसायचं की उभं राहायचं? शास्त्रात सगळंच आहे, लूक १८ मधला जकातदार उभा होता, येशू अटक व्हायच्या आधी गेथशेमाने बागेत पालथा पडला होता. गुडघे दुखत असतील तर खुर्चीत बसा. बायकांनी डोक्यावर पदर किंवा ओढणी घ्यायची का, तर आपल्याकडच्या खूप मंडळ्यांत घेतात, काहींत नाही घेत, तुमच्या मंडळीत जी पद्धत असेल ती उपासनेत पाळा. घरात भाजी चिरताना देवाशी बोलावंसं वाटलं आणि ओढणी जवळ नसेल तर थांबू नका.

आता बोलायचं काय

लूक ११:१ मध्ये एक शिष्य येशूला म्हणतो, प्रभूजी, आम्हाला प्रार्थना करायला शिकवा. म्हणजे त्याच्याबरोबर रात्रंदिवस चालणाऱ्यांनाही शिकावंच लागलं. त्याने शिकवलेली ती प्रभूची प्रार्थना, तुम्हाला पाठ असेलच, नसेल तर मत्तय ६:९ ते १३ मधून करा. पण पाठ म्हणून झाली की संपली असं करू नका, तिचा क्रम वापरा. एक ओळ म्हणायची, थांबायचं, आणि त्या ओळीत आपलं आजचं आयुष्य घालायचं.

"हे आमच्या स्वर्गातील पित्या." इथे "माझ्या" नाही, "आमच्या" आहे. एकटे बसलेले असलात तरी तुम्ही सगळ्या मंडळीबरोबर बोलताय. "तुझे नाव पवित्र मानले जावो, तुझे राज्य येवो, तुझ्या इच्छेप्रमाणे होवो." पहिल्या तिन्ही मागण्या देवाच्या आहेत, आपलं गाऱ्हाणं अजून सुरूही झालेलं नाही. नवीन माणसाला हे जड जातं कारण आपण आलेलोच असतो काहीतरी अडलंय म्हणून. तरीही इथे मिनिटभर थांबा. तो कोण आहे, त्याने काय काय केलंय, ते बोला, आभार माना. हे केल्यावर पुढे जे मागायचं असतं ते बऱ्याचदा बदलतं, निदान मागण्यातली घाई तरी कमी होते.

मग "आमची रोजची भाकर आज आम्हाला दे". इथे सगळं येतं, भाडं, ईएमआय, मुलाची ॲडमिशन, गुडघेदुखी, पावसात गळणारं छप्पर. काहींना वाटतं एवढ्या बारीक गोष्टी देवाला काय सांगायच्या. ज्याने भाकर मागायला शिकवलं त्याला गॅस सिलेंडर संपल्याचं सांगायला काय हरकत आहे? आणि शब्द "आज" आहे, पुढच्या दहा वर्षांची चिंता आज संपवायची नाहीये.

नंतर क्षमेची ओळ. पूर्ण प्रार्थना सांगून झाल्यावर येशू फक्त याच एका ओळीकडे परत येतो, १४ आणि १५ व्या वचनात, तुम्ही लोकांना क्षमा केली नाही तर तुमचा पिताही तुम्हाला करणार नाही. बाकी कोणत्याच ओळीवर तो तिथे पुन्हा बोलत नाही. आणि मत्तय ५:२३-२४ मध्ये तर म्हणतो, वेदीजवळ अर्पण घेऊन आलास आणि आठवलं की भावाच्या मनात तुझ्याविरुद्ध काही आहे, तर अर्पण तिथेच ठेव, आधी जाऊन समेट कर. म्हणजे प्रार्थनेतून उठून फोन लावावा लागला तर लावा, जावेला, भावाला, ज्याच्याशी जमिनीच्या वाटणीवरून बोलणं बंद आहे त्याला. क्षमा केली म्हणजे त्रास देणाऱ्याच्या हाती पुन्हा सापडायचं असं मात्र नाही. मारहाण होत असेल तर मनातून सूड सोडायचा पण स्वतःला सुरक्षित ठेवायचं, मदत घ्यायची, यात काही विरोध नाही.

शेवटी "परीक्षेत आणू नकोस, वाइटापासून सोडव". तुमची परीक्षा कुठे होते ते तुम्हालाच माहीत, नाव घेऊन सांगा, दारू असो, फोनवरचं काही असो, तापट जीभ असो.

एक नमुना देते, म्हणजे किती साधं असू शकतं ते कळेल. समजा एखादी मुलगी सकाळी बसली आहे:

"बापा, आजचा दिवस दिलास, आभार मानते. तू माझा बाप आहेस आणि येशूमुळे मी तुझ्याजवळ येऊ शकते. आज अकरा वाजता इंटरव्ह्यू आहे आणि मला खूप भीती वाटतेय, मागच्या वेळी बोलतानाच अडकले होते. घरातले पैसे संपत आलेत हे तुला माहीत आहे. ही नोकरी मिळावी असं मला मनापासून वाटतं. तिथे खरं बोलायला मदत कर. काल आईवर ओरडले, चुकलं माझं, क्षमा कर, आणि संध्याकाळी तिची माफी मागायचं धैर्य दे. शेजारच्या काकूंचं उद्या ऑपरेशन आहे, डॉक्टरांच्या हाताला यश दे. तुला योग्य वाटेल तसं होऊ दे. येशूच्या नावाने मागते, आमेन."

मिनिटभरात होते ही. यात काहीही कमी नाही.

खरं बोला, छान नाही

लूक १८ मध्ये दोघं मंदिरात जातात. परूशी, म्हणजे धर्माचे नियम काटेकोर पाळणारा, स्वतःच्या उपवासांची आणि दशमांशाची यादी वाचतो, लोक ज्याला पापी समजत तो जकातदार ऊर बडवत एवढंच म्हणतो, "हे देवा, मज पाप्यावर दया कर." नीतिमान ठरून घरी गेला तो जकातदार. पापाची कबुली देताना गोल गोल बोलू नका, "आमच्या हातून कळत नकळत चुका झाल्या असतील" हे उपासनेत सगळ्यांनी मिळून म्हणायला ठीक आहे, एकटे असताना नेमकं सांगा. खोटं बोललो, कोणाशी, का. मग १ योहान १:९ वर, पाप कबूल केलं तर देव क्षमा करतो या वचनावर, विश्वास ठेवा आणि उठा, त्याच पापाची रोज रोज नव्याने क्षमा मागत बसायचं नाही.

आणि देवावर राग असेल तर? तोही सांगा. मला नवीन लोकांना हे सांगायला सगळ्यात जास्त आवडतं कारण त्यांना कोणी सांगितलेलंच नसतं. स्तोत्रसंहितेतल्या दीडशे स्तोत्रांत कितीतरी तक्रारी आहेत. १३ वं स्तोत्र "कोठवर" ने सुरू होतं, किती दिवस तू मला विसरणार, किती दिवस तोंड लपवणार, तेही एकदा नाही, लागोपाठ. ८८ वं तर अंधारातच संपतं, शेवटी एकही उजेडाची ओळ नाही. आणि हे सगळं पवित्र शास्त्रात आहे, देवाने ठेवून घेतलंय. येशूने स्वतः वधस्तंभावर २२ व्या स्तोत्राची पहिली ओळ म्हटली, माझ्या देवा, तू माझा त्याग का केलास. मूल गमावलेल्या आईला "देवाची इच्छा" म्हणून गप्प करणारे खूप असतात. तिच्याबरोबर बसून ८८ वं स्तोत्र वाचणारं माणूस जास्त गरजेचं असतं.

शब्द सुचत नसतील तर स्तोत्रंच प्रार्थना म्हणून वापरा. १३, २३, ५१, १०३, १३० यांपासून सुरुवात करा. एक वचन मोठ्याने वाचा, थांबा, ते आपल्या बोलीत देवाला सांगा, मग पुढचं. आणि गाता येत असेल तर गा. नारायण वामन टिळक १८९५ मध्ये ख्रिस्ती झाले आणि त्यांनी अभंग-भजनांच्या वळणाने इतकी गीतं लिहिली की आपल्या मंडळ्या आजही ती गातात. ज्या घरात हरिपाठ ऐकत लहानाचे मोठे झालात तिथून येताना जीभ परकी वाटत असेल तर ही गीतं आपली वाटतील, टाळ घेऊन म्हणा.

उत्तर येत नाही तेव्हा

इथे जरा वेळ घेते. मागत राहायचं, हे नक्की. न्यायाधीशाकडे पुन्हा पुन्हा जाऊन न्याय मागणाऱ्या विधवेचा दाखला येशूने त्यासाठीच सांगितला, खचून जाऊ नका म्हणून. वहीत तारीख घालून विनंत्या लिहा, कोणासाठी काय मागितलं ते, नाहीतर उत्तर आलेलंही आपल्याला कळत नाही, आभार मानायचे राहून जातात.

पण कधी कधी उत्तर नाही असं असतं. येशूने गेथशेमानेत तीनदा तीच प्रार्थना केली, हा प्याला, म्हणजे पुढ्यातलं दुःख, टळून जावो, आणि प्रत्येक वेळी तुझ्या इच्छेप्रमाणे होवो असंही म्हटलं. प्याला टळला नाही. प्रेषित पौलाने शरीरातल्या काट्यासाठी, म्हणजे त्याला सतत छळणाऱ्या त्रासासाठी, तीनदा विनवणी केली, काटा गेला नाही, "माझी कृपा तुला पुरे आहे" हे ऐकायला मिळालं. आता सांगा, यांचा विश्वास कमी होता?

हे एवढ्यासाठी लिहितेय की एका मोठ्या सभेत एका ताईला सगळ्यांसमोर सांगितलं गेलं की तुझा विश्वास कमी म्हणून तुझा मुलगा बरा होत नाही. ती ताई नंतर कितीतरी महिने प्रार्थनाच करू शकली नाही. असं कोणी तुम्हाला म्हणालं तर ऐकून घेऊ नका. मार्क ९ मधला बाप म्हणाला, "माझा विश्वास आहे, माझा अविश्वास घालवून टाका," आणि एवढ्या अर्ध्या विश्वासावर त्याचा मुलगा बरा झाला. पौलानेही आपला सोबती त्रफिम याला मिलेत गावात आजारी असताना मागे ठेवलं, दुसरा सोबती तीमथ्य याला पोटासाठी थोडा द्राक्षारस घ्यायला सांगितलं. आजारात मंडळीच्या वडीलजनांना बोलावून प्रार्थना करून घ्या, याकोब ५ मध्ये तसंच सांगितलंय, तेल लावून, आणि बीपीची गोळीही वेळेवर घ्या. प्रार्थनेसाठी आधी पैसे मागणाऱ्यापासून लांब राहा.

मन भरकटतं ही तक्रार तर सगळ्यांचीच. भरकटून जिथे गेलं तीच गोष्ट देवाला सांगा, बहुतेक वेळा तीच खरी चिंता असते. काहीच बोलवत नसेल तर गप्प बसा, आत्मा आपल्यासाठी शब्दांवाचून कण्हून विनंती करतो असं रोमकरांस ८:२६ मध्ये आहे. आणि दिवसभरात जुन्या करारातल्या नहेम्यासारखं करा, राजाने प्रश्न विचारला, उत्तर द्यायच्या आधी त्याने देवाची प्रार्थना केली आणि लगेच बोलला. बॉसच्या केबिनच्या दारात तेवढं होतं, "बापा, मदत कर".

चारचौघांत प्रार्थना

मंडळीमंडळीत फरक असतो, त्याने गोंधळू नका. कुठे सगळे एकाच वेळी मोठ्याने प्रार्थना करतात. केडगावला पंडिता रमाबाईंच्या मुक्ती मिशनमध्ये १९०५ च्या संजीवनाच्या, म्हणजे आत्मिक जागृतीच्या काळात मुली अशा एकत्र मोठ्याने प्रार्थना करत. कुठे उपासनेच्या पुस्तकातून लिहिलेल्या प्रार्थना वाचतात, वसईकडच्या कॅथलिक घरांत संध्याकाळी रोझरी, म्हणजे जपमाळेची प्रार्थना होते. लिहिलेली प्रार्थना मनापासून म्हटली तर ती खरीच असते, आणि उत्स्फूर्त केलेली नुसती तोंडाने केली तर ती पोकळच, त्यामुळे यावरून कोणाला नावं ठेवायची नाहीत.

घरोघरच्या प्रार्थनासभेत नवीन असाल तर पहिले काही आठवडे ऐका, दुसऱ्याची प्रार्थना लक्ष देऊन ऐका आणि तिच्या शेवटी मनापासून आमेन म्हणा. तेही प्रार्थनेत सामील होणंच आहे. मोठी माणसं "हे दयाळू, कृपाळू, प्रेमळ स्वर्गीय बापा" अशी सुरुवात करून दहा मिनिटं सलग बोलतात, ते त्यांच्या आयुष्यभराच्या सवयीतून येतं, तुम्ही तसं बोलायचा प्रयत्न करू नका. तिथे ऐकलेल्या विनंत्या बाहेर सांगत फिरू नका, कोणाच्या घरातलं भांडण प्रार्थनेच्या विषयात आलं असेल तर ते त्या खोलीतच राहू द्या. आणि प्रार्थनेच्या नावाखाली कोणाला टोमणेही मारू नका, "प्रभू, काही लोकांना वेळेवर यायची बुद्धी दे" असलं काही.

पाळकांनी अचानक तुमचं नाव घेतलं आणि प्रार्थना करा म्हणाले, तर नको असेल तेव्हा "आज नको पाळकसाहेब" म्हणायची पूर्ण मुभा आहे, कोणी वाईट मानत नाही. करायची असेल तर तीनच वाक्यं धरा: एका गोष्टीसाठी आभार, एका माणसासाठी विनंती, आणि येशूच्या नावाने आमेन. अडखळलात तर थांबा, श्वास घ्या, पुढे बोला, सगळे डोळे मिटून तुमच्याबरोबरच प्रार्थना करत असतात.